बाईच्या घरचं पाणी

माझे वडील बुलढाण्याच्या कचेरीत कारकून होते, आणि कागदावर जे लिहिलेलं असेल ते खरं, यावर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास होता. त्या काळी आमचं वऱ्हाड कागदोपत्री निजामाचं होतं आणि कारभार मात्र नागपूरहून चालायचा. लोक यावर हसायचे. ज्याची गाय तो लांब उभा आणि दूध काढणारा भलताच, असं म्हणायचे. बाबा हसायचे नाहीत. एकदा ठरलं ते ठरलं, त्यात हसण्यासारखं काय, असं त्यांचं म्हणणं. मला मात्र राग लवकर येतो. लहानपणी तर तो नाकाच्या शेंड्यावरच असायचा, आणि घरात त्याचा सगळ्यात मोठा धनी म्हणजे बाबा.

राग येण्याचं एक कारण सांगते. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या सासरी जेवायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. ही काही बाबांनी काढली नव्हती. सगळेच पाळायचे. पण बहुतेकांच्या लेकींच्या घरी वर्षा-दोन वर्षांत पाळणा हलायचा आणि रीत आपोआप मोकळी व्हायची. आमच्या घरी तसं झालं नाही. माझी थोरली बहीण, जिला आम्ही सगळे बाई म्हणायचो, जानेफळला दिलेली होती. तिच्या लग्नात मी मांडवात झोपून गेले होते म्हणे. त्यानंतर माझे दुधाचे दात पडले, नवे आले, मी परकर-पोलकं घालून शाळेत जायला लागले, तरी बाईची कूस उजवली नव्हती. आणि बाबा दर संक्रांतीला तिच्या घरी जात होते, दोन मुक्काम करून, आणि तिच्या ओट्यावर घटकाभर बसून कोरड्या तोंडानं परत येत होते. आईनं यावर आपला उपाय काढला होता. ती जायचीच नाही.

त्या वर्षी बाई दिवाळीला माहेरी आली होती. निघायच्या वेळी दमणीत, टपाच्या बैलगाडीत, बसता बसता थांबली आणि बाबांकडे न बघताच म्हणाली, "बाबा, औंदा संक्रातीले याल तं पाणी पेऊन जायचं. पेयाचं नसलं तं येऊच नका."

बाबा बैलांकडे बघत होते.

"तुम्ही माह्या दारातून तहानलेले जाता," बाई म्हणाली, "अन् ते साऱ्या गावाले दिसते."

मला तेव्हा हे नीट कळलं नाही. आईला कळलं, कारण ती पदर तोंडाला लावून आत गेली. पुढं तिच्या आणि शेजारणीच्या बोलण्यातून मी ऐकलं, की जानेफळला लोक बाईच्या नवऱ्यासाठी दुसरी बघायच्या गोष्टी करत होते. दरवर्षी बाबा ओट्यावरून तसेच उठले, की त्या गोष्टींना पुन्हा पालवी फुटायची. बापच पाणी पीत नाही म्हटल्यावर कोणाला आणखी काय विचारायचं राहिलं? बाबा त्या दिवशी तेवढ्यावर बैलांपाशी गेले. गाडीवाल्याला म्हणाले, जू नीट बांधा, डावा बैल मान झाडून राह्यला.

पौष लागला. तीळ निवडून झाले, गूळ फुटला. बाबांनी देऊळघाटच्या चाचांना दमणी घेऊन यायला सांगितलं, तेव्हा मला कळलं की आपण जाणार. पाणी पिणार की नाही, ते मात्र कोणालाच कळलं नाही. मी आईला विचारलं. आई म्हणाली, "तुह्या बापाच्या मनातलं त्याच्या देवालेच ठाऊक."

आता कुत्रीबद्दल सांगायला हवं. तांबूस रंगाची, एक कान पडलेला. ती बाबांची कुत्री होती आणि बाबा ते कबूल करत नव्हते. "रस्त्याची हाये ते," एवढंच म्हणायचे. ही रस्त्याची कुत्री रोज सकाळी बाबांच्या मागं कचेरीत जायची, दिवसभर तिथल्या लिंबाखाली बसायची आणि दिवेलागणीला बाबांच्या पुढं चालत घरी यायची. त्या पौषात तिचं पोट जमिनीला टेकायला आलं होतं.

पहाटे दमणी दारात उभी राहिली. बैलांच्या नाकातून वाफ निघत होती. चाचांनी डोक्याला मफलर गुंडाळला होता आणि त्यांच्या दाढीवर दव बसलं होतं. आईनं दशम्यांचं गाठोडं दिलं, तिळगुळाचा डबा दिला आणि कुत्रीकडे बघून म्हणाली, "हिले नेऊ नका. आज-उद्याची हाये."

"मी कुठं नेऊन राह्यलो?" बाबा म्हणाले. "तिची ते येते."

आणि ती आली. गावाबाहेर पडेपर्यंत ती दमणीच्या आसाखालून चालत होती. गाडीखालच्या कुत्र्याला वाटतं गाडी आपणच ओढतोय, ही म्हण बाबा मला नेहमी ऐकवायचे, मी घरात फार कारभार करते म्हणून. मी म्हटलं, आज तुमचीच कुत्री ओढतेय. चाचा मोठ्यानं हसले. बाबा पुढं बघत राहिले.

येळगावच्या खाली पैनगंगा लागली. तिथं ती अजून लहान असते, नदी म्हणावी की ओढा असा प्रश्न पडावा एवढी. पाण्यावर धुई साचली होती, आणि बैल तिच्यात उतरले तसे आधी त्यांचे पाय दिसेनासे झाले, मग पोटं. नुसत्या दोन पाठी आणि शिंगं पुढं सरकत होती. घुंगरांचा आवाज मात्र तसाच. अलीकडचा काठ गेला, पलीकडचा अजून आला नव्हता. मी टपाचा बांबू घट्ट धरला आणि मला वाटलं की आपण असेच राहणार, ना बुलढाण्याचे ना जानेफळचे, आणि बरंच होईल, कोणाला काही ठरवावं लागणार नाही.

पलीकडे निघालो तेव्हा कुत्री मागं राहिली होती. ती पाण्याच्या कडेला उभी राहून बघत होती. चाचांनी बैल थांबवले. "बाबूजी, बेचारीले बसू द्या ना वर. दिवस भरून राह्यले तिचे."

बाबा खाली उतरले. धोतर वर खोचलं, पुन्हा पाण्यात गेले, आणि त्या रस्त्याच्या कुत्रीला दोन्ही हातांनी उचलून घेऊन आले. तिला माझ्या शेजारी कडब्यावर ठेवलं. आपली घोंगडी तिच्यावर टाकली आणि मला म्हणाले, "वारं लागू देऊ नको." जसं काही मीच तिला बोलावलं होतं.

त्या प्रवासाचं मला जे आठवतं, त्यात जागं किती आणि झोपेतलं किती ते सांगता येत नाही. कुत्री माझ्या पोटाशी लागून झोपली होती. तिच्या अंगाचा ओलसर, उबदार वास घोंगडीच्या वासात मिसळला होता. मी तिच्या पोटावर हात ठेवला की आत काहीतरी इकडून तिकडे सरकायचं, थांबायचं, पुन्हा सरकायचं. मी डोळे मिटले की तेच सरकणं चाकांचं वाटायचं. डोळे उघडले की टपाच्या तोंडात आभाळाचा एक तुकडा असायचा, कधी करडा, कधी पिवळा, आणि त्यातून बाभळीच्या फांद्या उलट्या दिशेनं चालत जायच्या. चाचा बैलांशी बोलायचे. त्यातलं अर्धं बैलांना कळायचं, अर्धं मला. ते म्हणायचे, चल मेरे राजा, चिखली आली, चिखलीत तुले सरकी. चिखली यायचीच नाही. मी पुन्हा झोपायचे, पुन्हा उठायचे, आणि चिखली तेवढीच लांब असायची.

ऊन वर आलं तेव्हा आम्ही हरभऱ्याच्या एका शेताजवळ थांबलो. हरभऱ्यावर दवाबरोबर आंब उतरली होती. पानांवरून हात फिरवून बोटं चाटली की आंबट लागतात, ते मी सगळा हिवाळाभर करायचे. कुत्रीही माझ्याबरोबर रांगेत शिरली आणि पानं चाटायला लागली, प्रत्येक वेळी तोंड वाकडं करत आणि तरी न सोडता. बाबा बांधावर उभे होते. मी बघितलं, ते हसत होते. मी बघतेय हे कळल्यावर त्यांनी घसा खाकरला.

चिखलीला आम्ही बाबांच्या ओळखीच्या एकांकडे उतरलो. तिथलं काही आठवत नाही, फक्त त्या घरच्या बाईंनी बाबांना आग्रह करून गरम भाकरी आणि भरीत वाढलं, आणि बाबांनी मागून घेतलं. दुसऱ्या दिवशी रस्त्यात कापसाच्या गाड्या लागल्या. एकामागं एक, माणूस दिसायचा नाही इतक्या भरलेल्या. त्या गेल्या की बोरीबाभळींच्या काट्यांना कापसाचे पुंजके लटकून राहायचे. रस्ता दोन्ही बाजूंनी पांढरा दिसायचा. चाचा म्हणाले, सगळं वऱ्हाड उशीत भरून राह्यले साहेबलोक. मी कापूस गोळा करून कुत्रीच्या डोक्याखाली ठेवला, आणि तिनं तो ठेवू दिला.

दुपारकडे एका शेतातून धूर आला, आणि एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं आम्हाला हाक मारली. हुरडा चालला होता. ओळख ना पाळख, पण हुरड्याला ओळख लागत नाही. आम्ही आगटीभोवती बसलो. तो गोवऱ्यांतून कणीस काढायचा, तळहातावर चोळायचा, आणि गरम हिरवे दाणे आमच्या ओंजळीत टाकायचा. सोबत जवसाची चटणी, गूळ. बाबांनी इतका खाल्ला की शेतकरी खूश झाला. मग त्यानं मडक्यातलं पाणी दिलं आणि बाबांनी ते वरून घटाघटा प्यायलं.

तिथं माझं डोकं फिरलं. कालपासून जे साचलं होतं ते सगळं निघालं. मी उभी राहिले आणि म्हटलं, "याह्यच्या शेतातलं चालते, चिखलीचं चालते. बाईच्याच घरचं काऊन नाई चालत?"

शेतकरी आगटी उकरायला लागला. चाचा बैलांकडे बघायला गेले, जरी बैल व्यवस्थित होते.

"दान देलेल्या घरून परत काही घ्यावं नाई," बाबा म्हणाले. "माह्या बापानं नाई घेतलं. त्याच्या बापानं नाई."

"अन् बाईले लेकरू झालंच नाई तं?"

बाबांनी हाताला लागलेलं भूस झटकलं. एकेक बोट झटकलं. मग उठले आणि शेतकऱ्याला हात जोडून म्हणाले, "येतो दादा. ऊन उतरून राह्यलं."

दमणी पुन्हा चालायला लागली. मी त्यांच्याकडे पाठ करून बसले. कुत्री आमच्या दोघांच्या मधे होती आणि बाबांचा हात तिच्या पडलेल्या कानावर होता. रस्ता लाल झाला, मग जांभळा. कुठल्यातरी गावच्या शाळेची घंटा वाजली की देवळाची, कोण जाणे. मला वाटलं बाबांना झोप लागली. तेव्हा ते म्हणाले, अगदी हळू, "तुले वाटते, मले तिथं तहान लागत नाई?"

मी वळले नाही. वळायला हवं होतं असं नाही म्हणणार, मी तेव्हा दहा वर्षांची होते आणि रागात होते. पण ते वाक्य मला अजून झोपेतसुद्धा ऐकू येतं.

तिसऱ्या दिवशी जानेफळच्या शिवेआधीची विहीर लागली. चिंचेखाली, मोटेचं पाणी पडायला दगडी थारोळं असलेली. दरवर्षी बाबा तिथं थांबायचे, आपला फिरकीचा तांब्या भरायचे, म्हणजे गावात कोणाकडे पाणी मागायची वेळ येऊ नये. मी मनाशी म्हटलं, आज थांबले नाहीत तर समजायचं. दमणी चिंचेपर्यंत आली. चिंचेच्या सावलीत शिरली. बाबा म्हणाले, "चाचा, थांबा थोडं."

त्यांनी पोहरा सोडला, पाणी ओढलं, तांब्या काठोकाठ भरला आणि फिरकी घट्ट बसवली. मी कडब्यात तोंड खुपसलं. कुत्री त्या वेळेपासूनच अस्वस्थ झाली होती, धापा टाकत होती, उठून गोल फिरत होती आणि पुन्हा बसत होती. चाचा तिच्याकडे बघून म्हणाले, "बाबूजी, आता जल्दी करा लागते." उरलेल्या रस्त्यानं त्यांनी बैलांना पळवत नेलं.

बाई दारातच होती. तिनं दमणी लांबूनच बघितली असणार, कारण हातात पाणी तयार होतं. आधी पाय धुवायला दिलं, ते रीतीत बसतं. बाबा ओट्यावर टेकले. मग ती आत गेली आणि पितळी तांब्या घेऊन आली, वर वाटीत गूळ. शेजारच्या ओट्यावर दोन बायका तुरी पाखडत होत्या. त्यांची सुपडी थांबली.

बाईनं तांब्या पुढं केला. काही म्हणाली नाही. तिच्या बांगड्या एकदा वाजल्या आणि थांबल्या. बाबांनी तांब्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, शेजारच्या ओट्याकडे बघितलं. आणि हात जोडले. तिच्यापुढं, आपल्या लेकीपुढं, देवापुढं जोडावेत तसे.

बाईचा चेहरा मी बघितला नाही. मला बघवलं नाही. ती वळली, ओट्याखाली ठेवलेलं एक खापर ओढलं आणि तांब्यातलं सगळं पाणी त्यात ओतलं. कुत्री धडपडत आली आणि पचापचा प्यायला लागली.

"हिले तं चालते," बाई म्हणाली. "तुम्हाले मी येऊ नका म्हटलं होतं, बाबा." आणि ती आत गेली.

कुत्रीनं खापर चाटून पुसून कोरडं केलं, तोंड वर करून वास घेतला आणि बाईच्या मागं घरात शिरली. कोणी अडवायच्या आत ती माजघरातून सरळ कोपऱ्यातल्या अंधाऱ्या खोलीत गेली. ती बाळंतिणीची खोली होती. बाईचा नवरा तिथंच जन्मला होता, त्याचे भाऊ, त्याचा बापही. बाई आल्यापासून मात्र तिचा तसा उपयोग झाला नव्हता, म्हणून हंगामात तिच्यात कापूस भरून ठेवायचे. त्या दिवशी खोली अर्धी भरलेली होती. कुत्री कापसावर चढली, पायांनी उकरून खळगा केला आणि त्यात कलती झाली.

बाईची सासू चुलीपुढून उठून आली. उंच, हाडकुळी. ती फार बोलायची नाही आणि म्हणून आमच्या घरी सगळे तिला टरकून असायचे. घरचा पुरुषमाणूस मेहकरच्या बाजाराला गेला होता, त्यामुळे सगळा कारभार तिचाच. "कापूस खराब होईन," ती म्हणाली.

"होऊ द्या," बाई म्हणाली. मी बाईला सासूशी असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. सासूनंही ऐकलं नसावं.

मग सगळी दुपार त्या खोलीत गेली. खोलीला खिडकी नव्हती, वरच्या झरोक्यातून उन्हाची एक तिरपी काठी आत येत होती आणि तिच्यात कापसाचे तंतू तरंगत होते. पांढऱ्या ढिगात बाई गुडघ्यांवर बसली होती. तिच्या केसांना कापूस, भुवयांना कापूस. कुत्री कण्हायची तेव्हा बाई तिच्या पाठीवरून हात फिरवायची आणि म्हणायची, "होते, माय, होते." मी दारात बसले होते. एक पिल्लू आलं, मग एक. सगळं इतकं हळू आणि इतकं मऊ चाललं होतं, की मला ते पाण्याच्या तळाशी चाललंय असं वाटत होतं.

मधूनच मला बाहेर बोलावणं यायचं. बाबा ओट्यावर बसलेच नव्हते. इकडून तिकडे फेऱ्या घालत होते. "झालं का?" मी म्हणायचे, अजून नाही. "तिले त्रास तं नाई न होऊन राह्यला?" रस्त्याच्या कुत्रीची एवढी चौकशी. चाचा बैलांना वैरण घालता घालता म्हणाले, "बाबूजी, तुम्ही तं नाना होऊन राह्यले." चाचांच्या बोलीत नाना म्हणजे आईचा बाप, आजोबा; बाबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. भरून आणलेल्या तांब्याला आणि दशम्यांच्या गाठोड्याला त्यांनी हात लावला नव्हता.

शेवटचं पिल्लू आलं ते हललंच नाही. बाईनं ते तळहातावर घेतलं, अंगठ्यानं त्याचं तोंड साफ केलं आणि पदरानं चोळायला लागली. पदर ओला झाला. तिनं पदराचा दुसरा काठ घेतला. तोही ओला झाला. ती चोळतच होती आणि काहीतरी पुटपुटत होती. मला भीती वाटली ती पिल्लासाठी नाही, बाईसाठी. तेवढ्यात माझ्या डोक्यावरून एक हात आत आला. सासूचा हात, आणि त्यात घडी केलेलं एक जुनं लुगडं, धुवून धुवून रेशमासारखं झालेलं.

"हे घे," ती म्हणाली. "मऊ हाये."

असं लुगडं बायका कशाला जपून ठेवतात हे मला त्या वयातही माहीत होतं. त्याची दुपटी करतात. बाईलाही माहीत होतं. ती सासूकडे बघत राहिली.

"घे न वं," सासू म्हणाली. "ठेवून ठेवून का करू आता?"

बाईनं लुगडं घेतलं. थोड्या वेळानं त्यातून एक बारीक चीं असा आवाज आला. सासू चौकटीला धरून खाली बसली. दोघी बराच वेळ तशाच बसल्या होत्या, मधे कुत्री आणि तिची चार पिल्लं. मग सासू म्हणाली, "बाळंतिणीले शिरा लागन." आणि कणीक, गूळ, तूप घेऊन आपणच चुलीपाशी गेली. व्यालेल्या कुत्रीला शिरा घालायचा, ही रीत आमच्याकडे सगळेच पाळतात, आणि ती पाळताना कोणाला रडू येत नाही. त्या दिवशी चुलीपुढं कोण धुरानं डोळे पुसत होतं आणि कोण कशानं, मला सांगता यायचं नाही.

शिऱ्याचा वास बाहेर ओट्यापर्यंत गेला. ऊन कलायला आलं होतं, गुरं घरी परतत होती आणि गल्लीत धूळ सोन्यासारखी लोंबत होती. शेजारच्या बायका सुपडी घेऊन अजून तिथंच होत्या. त्यांच्यात आता आणखी दोघी येऊन बसल्या होत्या. सासू दारात आली. विहिणीनं व्याह्याशी समोरासमोर बोलायचं नसतं. तिनं पदर नाकापर्यंत ओढला, भिंतीकडे तोंड केलं आणि माझ्याशी बोलली, पण इतक्या मोठ्यानं की गल्लीच्या टोकाला ऐकू जावं.

"पोरी, सांग तुह्या बाबाले. या घरात बाळंतपण झालं. बाळंतीण अन् लेकरं खुशाल हायेत. माह्या सुनेनं सोडवलं. आता इवायानं पाणी घ्यावं म्हणा."

बाबा माझ्यापासून हातभर लांब उभे होते. तरी मी सांगितलं. "बाबा, त्या म्हणते..." पुढचं मला बोलता येईना.

कचेरीत एखादा हुकूम हातात आला की बाबा त्यात खोट शोधायचे. तेव्हाचा त्यांचा चेहरा मी ओळखायचे. भुवया जवळ यायच्या, ओठ आवाज न करता हलायचे. तसंच झालं. मी बघत होते आणि मनात म्हणत होते, शोधू नका, बाबा, एवढं एकदा शोधू नका. त्यांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा ते भरलेले होते.

"सांग त्याह्यले," ते म्हणाले, "हुकूम बराबर हाये."

बाई आतून तांब्या घेऊन आली. तिच्या अंगावर अजून कापूस होता. बाबा जिथं उभे होते तिथं त्यांनी पाणी घेतलं नाही. ते ओट्याच्या अगदी कडेला गेले, जिथून दोन्हीकडची गल्ली दिसते आणि दोन्हीकडच्या गल्लीला आपण दिसतो. तिथं उभे राहिले, टोपी सारखी केली, आणि बाईच्या हातून तांब्या घेऊन वर धरला. ते घटाघटा प्यायले, गळ्यावरून ओघळ सदऱ्यात गेला तरी पीत राहिले. तांब्या रिकामा करून तिला दिला आणि म्हणाले, "आणखी दे."

बाईनं आणखी दिलं. ते संपवून ते म्हणाले, "आणखी." तहान पहिल्याच तांब्याला भागली असणार, माणसाला किती तहान असते. पण समोरच्या ओट्यावरच्या बायका बघत होत्या, गुरांमागून येणारी माणसं थांबून बघत होती, आणि बाई आता मोकळी रडत होती. बाबा सगळ्या जानेफळाकडे तोंड करून उभे होते, आणि पीत होते.